झाडवण

माझ्या हातात ओलाव्याचं यंत्र असतं, मुठीएवढं.
तूर घालायची, झाकण पिळायचं, आकडा वाचायचा.
बाराच्या आत आली तर सरकारची.
बाराच्या वर गेली तर परत ताडपत्रीवर, उन्हात,
आणि तिचा मालक तिच्याशेजारी,
तोही उन्हात.

मी ग्रेडर. कंत्राटी.
मूर्तिजापूरच्या यार्डात, फेब्रुवारीपासून ते संपेस्तोवर.
काय संपेस्तोवर, ते नेमणुकीच्या पत्रात नाही.
कधी बारदाना संपतो, कधी उद्दिष्ट,
कधी पोर्टल दुपारी सव्वातीनला बसतं
अन् उठतच नाही.

चाळणीखाली पडतं ते माझ्या वहीत येत नाही.
फुटकी, किडकी, अर्धवट भरलेली,
हमालाच्या हुकानं पोत्याला पडलेल्या भोकातून
तोलकाट्यापर्यंत रांगोळीसारखी सांडत गेलेली,
ती सगळी कौतिका तायडेची.

पहाटे साडेपाचला येते. हातात शिंदीचा फडा.
फडा दाबत नाही.
दाबला का दाना धुयीत शिरते, म्हणते.
मग सूप. पाखडणं, घोळणं,
खडे एकीकडे, काड्या वाऱ्याला.
शेड रिकामी असली की तो आवाज
गेटवरच्या चौकीदाराला झोपेत ऐकू येतो.

रेशनवर तिला गहू मिळतो, तांदूळ मिळतो.
डाळ मिळत नाही.
मी एकदा विचारलं, किती निघते?
म्हणाली, हंगाम बरा असला तं पावसाया निंगते.

तिचा हंगाम म्हणजे काय, हे मला उशिरा कळलं.
हमीभाव बाजारापेक्षा वर असतो त्या साली
ट्रॅक्टरांची रांग पार नाक्यापर्यंत जाते
आणि जमीन पिवळी होते.
ज्या साली दूरच्या बंदरात परदेशी तुरीचं जहाज लागतं,
पेपरात बातमी येते, डाळ स्वस्त होणार,
शहरात कुणाच्या तरी घरी वरण थोडं घट्ट होत असेल,
त्या साली इथे काही सांडतच नाही.
ती स्वच्छ काँक्रीट झाडून जाते.
धोरण माझ्याकडे कागदावरून येतं.
तिच्याकडे फरशीवरून.

यंदा कागद आला:
घट अर्ध्या टक्क्याच्या वर गेलेली आहे.
यापुढे झाडवण ही संस्थेची मालमत्ता समजण्यात यावी,
तपासून, प्रतवारी करून,
योग्य असल्यास साठ्यात जमा करण्यात यावी.
खाली सही. सहीखाली शिक्का.
शिक्का थोडा वाकडा.

दुसऱ्या दिवशी मी तिला काट्यावर बोलावलं.
तिनं गाठोडं सोडलं. जुन्या नऊवारीचा तुकडा,
त्यात तीन किलो दोनशे.
एक खडा नाही. एक काडी नाही.
दिवसभर इतक्या नावांची, इतक्या सातबाऱ्यांची तूर बघतो,
इतकी निवडलेली तूर
हंगामात पाहिली नव्हती.

यंत्रात घातली. झाकण पिळलं.
अकरा पूर्णांक दोन.

ती माझ्याकडे पाहत नव्हती, आकड्याकडे पाहत होती.
आकडे तिला वाचता येत नाहीत,
पण माणसं ऊन खातात किंवा खात नाहीत
ते कोणत्या आकड्यानं, हे ती
इतकी वर्षं खाली बसून बघत आलीय.

पास का नापास, बाबू?

यंत्र मी उलटं ठेवलं.
नापास, म्हणालो.
वहीत लिहिलं: ओलावा जास्त, प्रतवारीस अयोग्य, परत.

तिनं गाठ मारली. एकदा, मग वरून आणखी एकदा.
सूप डोक्यावर उपडं घातलं.
दोन पावलं गेली आणि थांबली.
तुह्या चायनीले एका कोन्यात भोक पडलं हाय, म्हणाली.
शिवाची घाई नको करजो.