मिठाचा ग्रह

शेवटचा खेळ सव्वाबाराला सुटला.
वडाळ्याच्या कोपऱ्यावर, भुर्जीच्या गाडीपाशी
आम्ही चौघं, आणि मध्ये तो ग्रह.

निखार्गे म्हणाला, पैसा दिसतो बघ पडद्यावर,
मिठाचा खडान्‌खडा वेगळा चमकतो.
मग आईला का कापलं? तृप्तीनं पाव मोडत विचारलं.
कादंबरीत ती शंभर पानं नुसती वाट बघते,
इथे दोन मिनिटांत मेली, मागे व्हायोलिन लावून.
शंभर पानं कोण थांबतंय, शब्बीर म्हणाला,
मी मध्यंतरानंतर समोसा घेऊन परत येईपर्यंत
दोन चंद्र फुटले होते!
भुर्जीवाल्यानं विचारलं, कांदा जास्त?
हो. रात्रीतलं तेवढंच एकमत.

मी गप्प होतो.
माझी प्रत फोर्टच्या फुटपाथवरची, तीस रुपयांची,
शेवटची चाळीस पानं नसलेली.
सतरा वर्षं माझं यान अजून उतरायचं होतं,
आणि उतरणार कुठे, तर इथेच मागे, मिठागरांत,
जिथे बाबा सायकल टेकवून उभे राहायचे
आणि विडी संपेपर्यंत
एक शब्द बोलायचे नाहीत.

आज ते उतरलं.
अचूक, झगझगीत, शेकडो कोटींचं.
पुढच्या रांगेत कुणीतरी शिट्टीही मारली.

तू सांग ना, कसा वाटला? तृप्ती म्हणाली.
चांगला होता, म्हणालो.
उजेड जरा जास्त होता.

निखार्गे हसला. शब्बीर सुट्टे मोजत होता.