दीडपट

आयझिरेक आणि मी, खोली चारशे बारा,
बिश्केकचं होस्टेल, दोन खाटांमध्ये अडीच हात जागा.
अकरा दिवस अबोला.
अबोला म्हणजे तोंडी.
टाइप करून रोज भांडतो:
‘खिडकी लाव, पॉप्लरचा कापूस आत येतोय.’
‘तूच लाव.’
तिची उशी गुरगुरते, मग माझी.
कापूस किटलीवर, परीक्षेच्या नोट्सवर,
माझ्या घशात.

कारण क्षुल्लक नाही, हे आधी सांगते.
रात्री दोन वाजता दानियारबद्दल तिला जे लिहिलं
त्याचा तिने स्क्रीनशॉट काढला,
आणि तो फिरत फिरत दानियारकडेच गेला.
तोंडाने सांगितलं असतं
तर काय पाठवणार होती, माझा चेहरा?
पण तेव्हाही ती अडीच हातांवरच होती.
जागी होती.
मीच टाइप केलं. दिवा मालवलेला,
आणि काही गोष्टी जिभेआधी अंगठ्याला सुचतात.

तिचे वडील मेंढ्या घेऊन वर गेलेत, सोंग-कोलला.
तिथे रेंज नाही.
एका टेकाडावर आहे, दगडांच्या राशीपाशी,
तीही मंगळवारी बरी मिळते म्हणतात,
मंगळवारचं काय ते त्यांनाच ठाऊक.
घोड्यावरून जातात,
आठवड्याचं सगळं चार मिनिटांत बोलून ठेवतात.
आयझिरेक ते दीडपट वेगाने ऐकते.
सगळेच ऐकतात. मीही आईला दीडपटच ऐकते;
सुट्टीत घरी गेले की वाटतं,
ही एवढी हळू का बोलते,
बरं नाही का हिला?

काल तिच्या इअरफोनची पिन निसटली
आणि खोलीभर तिचे वडील,
कुणी पाठीमागे लागल्यासारखे:
घोडीला शिंगरू झालं कपाळावर पांढरा ठिपका पैसे पोचले का
पेपर कधी संपतात तुझी ती खोकणारी मैत्रीण
तिच्यासाठी शेपटीची चरबी धाडू का गरम दुधातून

मला हसू फुटलं.
आयझिरेकने पाहिलं. अंगठा खाली आणला.
बंद करेल वाटलं.
तिने वेग उतरवला, पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आधी नुसता वारा.
मग घोड्याचं फुरफुरणं, लगामाची कडी.
मग ‘बालाम,’ म्हणाले,
आणि पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला
की फोन बिघडला म्हणून दोघी वाकून बघायला लागलो.
बिघडला नव्हता.
काय बोलावं, ते शोधत होते.

पुरी चार मिनिटं ऐकलं.
मी टाइप केलं: ‘हो म्हण त्यांना.’
पुसलं.
तोंड उघडलं, तर आली ती
खोकल्याची उबळ.

‘कळवते,’ आयझिरेक म्हणाली. तोंडाने.
मंगळवारपर्यंत काही पोचायचं नाही ते.
खिडकी अजून कुणीच लावलेली नाही.