भिंतींची तपासणी

खराडीत, सहाव्या मजल्यावर,
मला पगार मिळतो तो भिंतींना धडका देण्याचा.
कुणाचं तरी जग असतं, विकायला काढलेलं,
जाहिरातीत लिहिलेलं : जा कुठेही, व्हा कुणीही.
मी त्या कुठेहीची कड तपासते.
डोंगराला खांदा लावते, नदीत उभी राहून उड्या मारते,
किल्ल्याच्या तटाला वीत वीत सरकत घासत जाते
आणि तक्त्यात लिहिते : बंद. बंद. बंद. बंद.

आईला वाटतं मी खेळते.
बाबा शेजारच्या घाटपांड्यांना सांगतात, सॉफ्टवेअर.

आतल्या गावात सगळे मोकळे आहेत म्हणे.
लोहाराच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह.
तो म्हणतो, दहा लांडग्यांची कातडी आण.
उत्तरं तीन :
आणतो.
आणतो, पण पैसे जास्त दे.
नंतर आणतो.
नाही म्हणायचं बटण नाही.
मी विचारलं होतं एकदा मीटिंगमध्ये,
तर तनुजा धर्माधिकारी हसल्या,
म्हणाल्या, ऋता, नाही म्हटल्यावर पुढे दाखवायचं काय?

मार्चमधल्या एका मंगळवारी
उत्तरेच्या खिंडीत, दोन कातळ जिथे नीट शिवलेले नव्हते,
माझा गुडघा आत गेला. मग मी.
पलीकडे गवत नव्हतं, आभाळ अर्धंच रंगवलेलं,
जमीन राखाडी, चौकटी-चौकटींची, गणिताच्या वहीसारखी.
आणि तिथे कुणीतरी बसलेलं.
नाव : खवट_खोबरं. पातळी : चार.
चार!
त्या खिंडीत साठच्या आतला माणूस टिकत नाही.
म्हणजे हा मरत, परतत, मरत, परतत
किती रात्री चालत आला असेल.

टाइप केलं : इथे काय करतोस?
बऱ्याच वेळाने उत्तर आलं :
जेवत होतो. काही नाही. बसलोय.
इथे कुणी काम सांगत नाही.
त्याने मांडी घालून समोर एक कंदील ठेवला होता,
कंदिलाभोवती गोल अकरा पाव.
पाव का, ते मी विचारलं नाही.
कुठला तू?
धायरी. तू?
हडपसर, म्हटलं. मग दोघंही हसलो, म्हणजे तसं टाइप केलं.
जगाच्या बाहेर येऊन भेटलो
तरी मधे सिंहगड रोडची ट्रॅफिक होतीच.

रात्री कॅब बायपासवरून निघाली.
दुभाजकाचे दोन दगड कुणीतरी पुन्हा काढलेत.
महापालिका बसवते, लोक काढतात,
पहारेने, बिनबोभाट,
एवढीच फट की एक माणूस आडवा होऊन जाईल
दुधाची पिशवी डोक्याच्या वर धरून.
नकाशात तो रस्ता नाही.
सोपानराव गिअर टाकत म्हणाले, अशानं मरायची माणसं.
खरं आहे.
मीही तिथूनच जाते, रोज, चहाला.

दुसऱ्या दिवशी तक्ता उघडला.
ठिकाण : उत्तर खिंड. दोष : फट, अंदाजे गुडघाभर.
आणि शेवटच्या रकान्यात
आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं खोटं :
पुन्हा करून पाहिलं, घडलं नाही.

खोटं टिकलं सतरा दिवस.
मग फिनलंडातल्या कुणीतरी कातळ शिवून टाकले,
छान, टाका दिसू नये असे.
कंदील पलीकडेच राहिला असणार.
पाव तिथे शिळे होत नाहीत.

मला पडताळायला पाठवलं. गेले. बंद, लिहिलं.
खिंडीत पातळी चारचा एक जण
कातळाला तोंड लावून उड्या मारत होता.
थोडं डावीकडे सरकायचा, पुन्हा उडी, पुन्हा डावीकडे,
एकही वीत न सोडता.
आमच्याकडे नवीन पोरं तीन महिने घेतात हे शिकायला,
आणि त्यांना पगार असतो.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.
काही टाइप केलं नाही.
उजवीकडून सुरुवात केली.