पडण्याचा हिशेब

पुस्तकातला नियम सोपा : दर दहा फुटांना एक फासा.
म्हणून निनादचा लढवय्या बुरुजावरून पडला, दीडशे फूट,
आणि कपडे झटकत म्हणाला, खजिना कुठंय?

हसलो सगळे. कलिन्यातली ग्लॅडविनची खोली,
कॅरमबोर्डावर नकाशा,
फरसाणच्या पुडीत हरवलेला चार बाजूंचा फासा.
इद्रीस तेवढा हसला नाही.
इद्रीस परांच्या बांधतो. बांबू, काथ्या, सोळा मजले.

म्हणाला, फूट मोजून काय कळतं?
चाचा सहाव्या मजल्यावरून वाळूत पडले,
उठून आधी चप्पल शोधली.
अब्बा स्टुलावरून.
बल्ब बदलत होते.

कुणीतरी फासे उगाच मुठीत खुळखुळवले.

मग वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं :
उंची नंतर. आधी विचारायचं, खाली काय आहे.
ग्लॅडविननं खाली जोडलं : आणि कोण आहे.

अकराच्या सुमारास इद्रीसचाच बुटका चोर
कड्यावरून घसरला.
खाली काय आहे? त्यानं विचारलं.
मी नकाशा बघितला.
तिथं खडक होते, दुपारी मीच काढलेले, पेनानं.

गवत, म्हणालो. गुडघाभर.

तो नकाशाकडे बघत राहिला जरा वेळ.
मग म्हणाला, टाक की फासा.