पन्नास किलोमीटर

ओउलूला ऑक्टोबर सरताना
दुपारीच अंधार गॅरेजात येऊन बसतो.
राइलीची गाडी दोन सीटची, पिवळी,
इतकी बुटकी की जॅक खाली शिरत नाही.
आधी दोन फळ्या, चाकं त्यांवर.
मग जॅक, आणि जॅकच्या डोक्यावर
आइस हॉकीची रबरी चकती,
कुत्र्याच्या दातांच्या खुणांसकट.

"बोल्ट आधीच सैल कर, एतू.
अधांतरी चाक नुसतं गरगरतं."

गंजाने हब सोडेना.
एक बोल्ट अर्धा ठेवून
राइलीने पाठ फिरवली, टाचेने लाथ घातली.
निघालं.
तारेचा ब्रश. बाहीवर तांबडी भुकटी.

डोकं कापलेला एक लांब बोल्ट
तिने वरच्या भोकात फिरवला,
त्यावर हिवाळी चाक टांगलं,
घरी आल्यावर कोट टांगावा तसं.
"पूर्वी मांडीवर तोलायचे. गुडघ्यांना विचार."

बोल्ट आधी हाताने,
मग एक सोडून एक, चांदणी काढतात तसे.
गाडी खाली. पाना एकशे तीसवर.

कट्.

एतूने अजून थोडं ओढलं.
तिचा हात पान्यावर आला.
"कट् म्हणजे पुरे. तुझ्या बापाला
हे 'अजून थोडं' कधी सुटलं नाही.
एवढा एक बोल्टच तुटला असता तर."

एतू फळ्या उचलत राहिला.

"पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे."
"पन्नासावर आहे काय? नुसतं जंगल."
"जंगलानंतर त्याचं घर."

पान्याचा ताण शून्यावर आणून
तिने तो सीटमागे ठेवला.