चकव्याला माणूस

तिचं नाव सिगब्रिट. वय एक्क्याऐंशी.
भट्टीतली राख ओढायचं लोखंडी फावडं घेऊन
ती खरवडते दगडांवरचं शेवाळ.
दगड डोक्याएवढे. काही नुसते मुठीएवढे.
मी टेप धरून मोजते : अकरा कडी,
मधे एक सपाट धोंडा, आणि वाट
एकच.

'फाटा कुठेच नाही,' ती म्हणते,
'हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही.
पाहुण्यांना वाटतं, भुलवायला रचलंय.
रचलंय खरं. पण माणसांसाठी नाही गं.'

बॉथ्नियाच्या आखातावर वारा उलटतो
तेव्हा तो नुसता वारा नसतो, असं तिचा बाप मानायचा.
बुटक्यांची एक जमात असते, न दिसणारी,
जाळ्याच्या गाठी सोडवणारी, वल्ह्याला लोंबकळणारी,
आणि माणसाच्या मागेमागे यायची त्यांना खोड.
म्हणून होडी लोटायच्या आधी
टॉर्केल आत शिरायचा. सावकाश. शीळ घालत.
डावीकडे, मग उलटा, मग अगदी मध्याशी आलाच म्हणता म्हणता
पुन्हा पार कडेला,
आणि ते सगळे ओळीनं मागे.
मधल्या धोंड्यावर पाय पडला की एकदम
दगडांच्या रांगांवरून सरळ, आडवा, ढांगा टाकत
तीस पावलं
आणि होडीत.
बुटक्यांना रांग ओलांडता येत नाही.
ते आतच राहायचे, वळणं मोजत.

माणसाला चकवा लागतो, हे मला ठाऊक होतं.
इथे चकव्यालाच माणूस लागला होता.
माझ्या भाषेत या आकाराला आणखी एक शब्द आहे,
तो रणांगणावरचा.
मी तो काढला नाही.

'आई त्या तिथे बसून जाळं शिवायची.
ती कधी आत गेली नाही.
तशी कधी बाहेरही गेली नाही.
मी सहा वर्षांची असताना
बाबा गेले की हेरिंगची डोकी टाकायचे मधोमध.
बिचारे दिवसभर उपाशी राहतील म्हणून.'

फावडं थांबतं.

'त्या दिवशी पाणी तव्यासारखं सपाट होतं.
बाबांचं एकही वळण चुकलं नव्हतं, मी बघत होते.
होडी नंतर सापडली. रिकामी. जाळं नीट घडी केलेलं.
गावात कुणी काही म्हणालं नाही.
पण डोकी मीच टाकत होते ना.
खाऊन अंगात बळ आलं असेल त्यांच्या.
शिकले असतील उडी मारायला.'

इथे जमीन वर येते,
बर्फाचं जुनं ओझं उतरल्यापासून, अजूनही, मुकाट.
एका आयुष्यात गुडघाभर.
तेवढ्यानं समुद्र मागे सरकलाय :
तीस पावलांची आता दोनशे चौदा झालीत,
मधे लव्हाळी, जुनिपरची झुडपं, कुणाचीतरी सॉना.
आता कुणी धावलं तरी
बुटके आरामात गाठतील.

मग ती आत शिरली.
काठी टेकत, प्रत्येक वळण घेत. शीळ नाही.
धोंड्यावर पोचल्यावर मी रांगांवरून हात पुढे केला,
'या, इकडून सरळ या.'
तिनं मान हलवली
आणि वळली, आल्या वाटेनं.

कुणीही कधी
त्या वाटेनं परत आलं नव्हतं.

दर वळणावर ती थांबायची, मागे बघायची,
लहान पावलांच्या कुणाला गाठू द्यावं तशी.
काहीतरी पुटपुटायची, स्वीडिशमध्ये,
रागावून नव्हे.
तोंडाशी आल्यावर बाजूला झाली,
फावडं भिंतीसारखं अंगाशी धरून
बराच वेळ.
मीही अंग चोरून उभी राहिले.

वहीत मी लिहिलं :
आत जाताना एकशे सत्त्याऐंशी मीटर.
पुढचा रकाना
तसाच ठेवला.

'चल,' ती म्हणाली, 'कॉफी उकळून कडू झाली असेल.'