व्याज तुमचंच

डिचोलीच्या बाजारात, औषधांच्या दुकानावर
लाकडी जिना चढून गेलो,
तेव्हा सीए वेर्णेकरबाय पातळभाजीत पाव बुडवत होती.
म्हणाली, बसा सोयरूकाका, हात धुऊन येते.

पिशवीतून काढलं एकेक: पेन्शनचं पासबुक,
मुदत ठेवीची पावती, दोन लाख, घडीवर फाटलेली,
आणि वहीचं एक पान, माझ्या अक्षरातलं:
'दर वर्षी एका पोराला. आयटीआय. डिझेल मेकॅनिक.'
खाली रक्कम. खोडलेली. पुन्हा तीच लिहिलेली.

पोर कोण, तिनं आधी विचारलं.
ठरलंय, म्हटलं. दिवाडीचा. कुलासोंचा रेनाल्ड.
फेरीबोटीत इंजिनखोलीच्या दाराशी उभा राहायचा
आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा,
अंकल, नोझल गळतंय.
तीनदा खरं निघालं.
चौथ्यांदा मी ऐकलं नाही, आणि मधल्या पाण्यात बंद पडलो.

ती म्हणाली, नाव तुम्ही ठरवलंत तर ती भेट.
नोंदणी असलेल्या संस्थेला दिलंत,
पोर त्यांनी निवडलं, तर ती देणगी.
देणगीला वजावट आहे, तीही रोख
दोन हजारांपुढे धरत नाहीत.
भेटीला काही नाही.

म्हणजे ओळखीच्याला दिलं ते आपल्या खिशातून,
अनोळख्याला दिलं तर सरकारही वाटा उचलणार?
ती हसली नाही.
तिचा बाप माझ्याबरोबर खलाशी होता,
तोही दोर सोडताना कधी हसला नाही.

मग कॅल्क्युलेटर.
नव्या पद्धतीत तुम्हाला करच बसत नाही, काका.
वजावट हवी असेल तर जुन्या पद्धतीत या.
तिथं आधी कर लागेल,
मग त्यातला थोडा वाचेल.
मी म्हटलं, हे म्हणजे बुडायचं कशाला,
तर कुणीतरी वर काढावं म्हणून.
आता ती हसली. थोडंसं.

आणि ठेवीचं व्याज? ते तर सगळं त्यालाच जायचं.
व्याज तुमचंच, ती म्हणाली.
तुमच्या नावावर पिकलं, तुमच्या उत्पन्नात धरायचं.
पुढं कुणाला दिलंत, ते कायदा विचारत नाही.

व्याज तुमचंच.
रात्री वास्कोहून लेकीचा फोन. सगळं सांगितलं.
पैसे तुमचेच, पप्पा, ती म्हणाली,
आणि थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला,
तिच्याकडचा की माझ्याकडचा, कळलं नाही.

एकतीस वर्षं नार्वे ते दिवाडी, दिवाडी ते नार्वे.
गाड्यांना तिकीट. पायी येणाऱ्याला नाही.
गाड्यांचा हिशेब रोज कचेरीत जायचा,
चालत आलेली माणसं कुठल्याच वहीत नाहीत:
मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं, एकदा
भिजलेली नवरी, वहाणा हातात घेऊन.
त्यांच्यासाठी जळलेलं डिझेल
गाड्यांच्याच नावावर पडलं असणार.

वेर्णेकरबायनं शेवटी चिठ्ठीवर लिहून दिलं:
बँकेतूनच द्या. कुणाला, किती, कशासाठी, नोंद ठेवा.
परक्यांकडून वर्षभरात मिळालेलं सगळं मिळून
पन्नास हजारांच्या आत राहू दे,
म्हणजे पोराच्या डोक्यावर काही येत नाही.
फी विचारली, तर म्हणाली, बापाला विचारून सांगते.
बाप जाऊन सहा वर्षं झाली.

सोमवारी बँकेत गेलो.
काउंटरवरच्या पोरीनं फॉर्म परत सरकवला,
कारणाची जागा रिकामी होती.
भेट, लिहिलं. खोडलं.
शिष्यवृत्ती मावेना, चौकटी कमी पडल्या.
मागं रांग. कुणीतरी खाकरलं.

नोझल, लिहिलं,
आणि खाली सही केली.